बेशुद्ध माणसाच्या कमरेचं रिव्हॉल्वर

मे महिन्यातलं लग्न, वर्धा रोडवरचं लॉन, साडेबाराचा मुहूर्त टळून दीड वाजलेला. नागपूरच्या माणसाला यापुढचं वर्णन करून सांगायची गरज नाही. कूलरसमोरच्या खुर्च्या धरून बसलेली वयस्क मंडळी, मठ्ठ्याच्या पिंपाभोवती झुंबड, आणि वरात अजून गेटवरच नाचतेय. आमच्या कॉलनीतले एक काका त्या खुर्च्यांपैकी एकीवर बसले होते. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, मग काही वर्षं एका बँकेत गनमॅन. मधुमेह जुना. सकाळी इन्सुलिन टोचून आलेले आणि दुपारी दीडपर्यंत पोटात चहाशिवाय काही नाही.

आधी ते नुसते करवादत होते. मग घामानं सफारी भिजली, बोलणं तुटक झालं. शेजारच्यानं ‘काका, पाणी घ्या’ म्हणून खांद्याला हात लावला, तर तो त्यांनी झटकला आणि त्यांचा उजवा हात सफारीच्या आत कमरेकडे गेला. तीन-चार वेळा गेला. आम्हाला वाटलं, पोटात दुखतंय. काकूंना मात्र ठाऊक होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “आधी त्यांचा हात धरा.”

पाचेक मिनिटांत काका खुर्चीवरून घसरले. वारा लागावा म्हणून सफारीची बटणं काढली आणि चामड्याच्या होल्स्टरमधलं .३२ बोरचं रिव्हॉल्वर सगळ्यांना दिसलं. एकानं लगेच मोबाइल वर केला. एक जण ओरडला, “हात नोको लावू बे, ठसे येतील!” नवऱ्या मुलाच्या मामांनी तेवढ्यात होल्स्टर उपसून शेजारच्या टेबलावर, गुलाबजामच्या डिशांशेजारी ठेवून दिलं. ते तिथं ठेवणं बरं नव्हे एवढं सगळ्यांना कळत होतं. कुठं ठेवणं बरं, ते कुणालाच कळत नव्हतं. काकूंनी ते उचलून माझ्या हातात दिलं. “तूच ठेव रे बाप्पा तुझ्याजवळ.” मी ते आहेराच्या रिकाम्या पिशवीत टाकलं. ‘शुभविवाह’ छापलेली ती पिशवी पुढचे पाच तास माझ्या हातात होती. गाडीत, रुग्णालयाच्या पायऱ्यांवर, औषधांच्या दुकानासमोरच्या रांगेत.

काकांची साखर ३८ वर उतरली होती. ७० च्या खाली गेली की कमी धरतात. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि अर्ध्या तासात ते ओळख देऊ लागले. सिस्टरनं काकूंच्या हवाली घड्याळ, अंगठी, चष्मा, मोबाइल केला. प्रत्येक वस्तूसमोर बरोबरची खूण, खाली सही. मी काउंटरवर जाऊन हळूच पिशवीतल्या वस्तूबद्दल विचारलं, तर तिथला माणूस खुर्चीसकट मागं सरकला. “इथं काही काढू नका. घरी घेऊन जा ते.” रुग्णालयाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या कुठल्याही रुग्णालयात त्या दिवशी हेच उत्तर मिळालं असतं, अशी माझी खात्री आहे.

त्या दुपारी कुणीही वाईट हेतूनं वागलं नाही. तरीही कायद्याच्या अक्षराप्रमाणे निदान तिघांनी गुन्हा केला आणि त्यातला एक मी होतो.

शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय बंदूक जवळ बाळगता येत नाही, नेता येत नाही. त्याला एक सूट आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्यानं लिहून दिलं असेल तर दुसऱ्या माणसाला ते शस्त्र नेता येतं, पण कशासाठी? दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा स्वतः परवानाधारकाला वापरायचं असेल म्हणून. बस, तीनच कारणं. माणूस कोसळला, त्याला उचलून न्यायचंय, हे कारण त्यात नाही. लिहून देण्याचा तर प्रश्नच नव्हता. राहिलं ‘समक्ष’. या शब्दात अक्ष म्हणजे डोळे आहेत आणि काकांचे डोळे मिटलेले होते.

२०१६ च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक ठिकाणी शस्त्र कसं न्यावं हे सांगितलंय. होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं, आणि नेणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा हवा. हा ताबा लिहिताना नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा, शुद्धीतला माणूस होता. साखर उतरलेला, फिट आलेला, अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस त्याच्या मनात आला नाही. ताबा सुटला तर तो कुणाकडे जातो, याबद्दल नियम गप्प आहेत. मग तो सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे जातो. तो पोलीस असेल, चोर असेल किंवा आहेराची पिशवी धरलेला माझ्यासारखा कुणी.

वकील मंडळी म्हणतील, इतकं घाबरू नका. मीही ते वाचलंय. शस्त्राचा ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात सांगितलं. पण मला तर पूर्ण जाणीव होती. पिशवीत काय आहे हे पाच तास दुसऱ्या कशापेक्षा जास्त जाणवत होतं. मोठं नुकसान टाळण्यासाठी, वाईट हेतू नसताना केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ चा आधार मिळू शकतो, हेही खरं. मात्र हा बचाव आहे, आणि बचाव गुन्हा दाखल झाल्यानंतर मांडायचा असतो. रस्त्यावर जखमीला मदत करणाऱ्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. मदत करताना चूक होऊन जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तर मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी कारवाई होणार नाही, एवढं ते कलम सांगतं. जखमीच्या कमरेला काही निघालं तर काय, हे ते सांगत नाही. समृद्धी महामार्गावर रात्री उलटलेल्या गाडीतून माणूस बाहेर काढणारा ट्रकचालक ते कलम वाचून धावत येत नाही, हे मान्य. पण उद्या त्याच्या केबिनमध्ये जखमीचं पिस्तूल सापडलं, तर त्यानं दाखवायला काही नाही.

हा झाला कायदा. रुग्णालयाच्या आत परिस्थिती याहून कच्ची आहे.

आपल्याकडे कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाचे कपडे आधी कापले जातात. कात्री पायाकडून वर येते, पट्टा कापला जातो, कपड्यांचा बोळा स्ट्रेचरखालच्या पिशवीत जातो आणि ती पिशवी नातेवाइकाच्या हातात. वेगानं करायचं काम आहे आणि ते वेगानंच झालं पाहिजे. त्या बोळ्यात भरलेलं पिस्तूल असू शकतं, हे ब्रदरच्या किंवा अटेंडंटच्या लक्षात यायला त्यांना कधी कुणी सांगितलेलं तर असलं पाहिजे. बाईची पर्स तर उघडूनही पाहत नाहीत. २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीनं ‘निर्भीक’ नावाचं हलकं .३२ रिव्हॉल्वर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणलं, पर्समध्ये मावेल असं. ती पर्स आईबरोबर आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या मांडीवर ठेवली जाते.

आणि मग एमआरआय. पडून डोक्याला मार लागलेल्या माणसाला कधीकधी तिकडं नेतात. त्या यंत्राचा चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असतो. त्याची ताकद दीड टेस्ला असेल, तर ती पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेला एक तरुण नातेवाईक त्या ओढीनं मेला. महाराष्ट्र ते विसरलेला नाही. बंदुकीच्या बाबतीतही हे घडून गेलंय. २०१७ मध्ये लखनऊच्या राममनोहर लोहिया संस्थेत एका मंत्र्याचा अंगरक्षक भरलेलं पिस्तूल घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला, आणि पिस्तूल त्याच्यापासून सुटून यंत्राला जाऊन चिकटलं. गोळी सुटली नाही, हे नशीब. अमेरिकेत २००२ साली क्ष-किरणशास्त्राच्या एका नियतकालिकात नोंदवलेल्या प्रसंगात ती सुटली. पोलिसाचं .४५ चं पिस्तूल, सेफ्टी लावलेली, चुंबकानं हातातून खेचलं, यंत्रावर आपटलं आणि गोळी भिंतीत घुसली. ब्राझीलमध्ये २०२३ साली तर आईला तपासणीला घेऊन आलेल्या माणसाच्या कमरेचं पिस्तूल तिथं सुटलं आणि त्यात त्याचा जीव गेला. धातूच्या वस्तू बाहेर ठेवल्यात असं त्यानं लिहूनही दिलं होतं, असं तेव्हा छापून आलं. शुद्धीतल्या माणसांची ही कथा. बेशुद्ध माणूस तर प्रश्नावलीला उत्तरही देत नाही.

पूर्ण बेशुद्ध माणसापेक्षा मला धास्ती वाटते ती अर्धवट शुद्धीतल्याची. साखर उतरलेला माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो, चिडतो, ओळखीच्या माणसाला ढकलतो. फिट येऊन गेल्यानंतर काही मिनिटं माणूस गोंधळलेला असतो. कुणी धरलं की झटापट करतो. आणि आपल्या गावात उष्माघात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदूचा ताल सुटतो, भ्रम होतो, असंबद्ध बडबड सुरू होते. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि महापालिकेला उष्णतेसाठी वेगळा कृती आराखडा करावा लागतो, तिथं हा पुस्तकातला मुद्दा राहत नाही. काकांचा हात कमरेकडे का जात होता, हे त्यांना स्वतःला आठवत नाही. पंचवीस वर्षांच्या सवयीनं जात असेल. खांद्याला हात लागला, हात कमरेला गेला. काकूंनी ‘हात धरा’ म्हटलं नसतं तर, हा विचार मी आजही पुरता करत नाही.

आता माझ्या मते खरा मुद्दा. मी पिशवी घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात का गेलो नाही?

कायद्यात वाट आहे, निदान आडवाट तरी. त्याच कायद्याचं कलम २१ सांगतं की ज्याच्याजवळचं शस्त्र ‘कोणत्याही कारणानं’ कायदेशीर राहिलं नाही, त्यानं ते विनाकारण उशीर न लावता जवळच्या ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावं. परवान्याची मुदत संपली, परवाना रद्द झाला, असे प्रसंग त्यात आधी सांगितलेत. माझ्याजवळ ते क्षणभरही कायदेशीर नव्हतं, त्यामुळे कलम मला नेमकं लागू होतं की नाही यावर वकील वाद घालतील. रस्ता मात्र तोच होता. ठाणं रुग्णालयापासून दहा मिनिटांवर. तरी मी गेलो नाही, आणि काकूंनी जाऊही दिलं नसतं. त्या दोनदा म्हणाल्या, “पोलिसात दिलं की गेलं ते. परवानाही जाईल. ते उठतील अन् मला विचारतील, तर काय सांगू?”

या वाक्यात सगळं आलं. सामान्य माणसाच्या डोक्यात पोलीस ठाण्यात गेलेल्या वस्तूला एकच शब्द आहे: जप्ती. वस्तू मुद्देमाल होते, मुद्देमालाचा पंचनामा होतो, तो कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटत नाही, आणि हुकूम मिळेपर्यंत गंज चढतो. घरोघरी हीच समजूत असल्यामुळे मालक आयसीयूत असताना शस्त्र गाडीच्या डिकीत, गादीखाली, धान्याच्या कोठीत जातं. मेव्हण्याकडे जातं. कधी माणूस परत येतच नाही आणि महिनोन्‌महिने ते तिथंच राहतं. धोका तिथून सुरू होतो, आणि तो कुणाच्या बेपर्वाईतून आलेला नसतो. घरच्यांना वस्तू जपायची असते, एवढंच.

ठाण्याला दुसरा शब्दही चांगला येतो. ठेव. दर निवडणुकीत आपण तो ऐकतो. आचारसंहिता लागली की छाननी समिती यादी काढते आणि ज्यांना सांगितलं ते परवानाधारक आपापलं शस्त्र ठाण्यात नेऊन जमा करतात. नोंद होते, पावती मिळते, निकाल लागले की पावती दाखवून शस्त्र परत. २०२४ मध्ये नागपुरात एप्रिलात लोकसभेचं मतदान झालं, नोव्हेंबरात विधानसभेचं. एकाच वर्षात दोनदा हा सोहळा झाला. काकांनीही पूर्वी दोन निवडणुकांत आपलं रिव्हॉल्वर जमा केलेलं आहे आणि एक स्क्रूसुद्धा न हलता ते परत मिळालंय, हे काकूंना माहीत होतं. पण निवडणूक वेगळी, दवाखाना वेगळा, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आणि त्यांचं काय चुकलं? तसं नाही, असं त्यांना कुणी कधी सांगितलं? विमानतळावर तिकीट दाखवून, घोषणापत्र भरून, रिकामं केलेलं शस्त्र सामानात देता येतं; नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर हे होतं. कोर्टाच्या दारात झडती होते. जिथं माणूस स्वतःच्या पायानं, ठरवून जातो, तिथं सगळीकडे शस्त्राचा विचार झालाय. स्ट्रेचरवरून जिथं जातो, तिथं झालेला नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं, की वैद्यकीय प्रसंगातली बंदूक ही निवडणुकीतल्या बंदुकीसारखी ठेव मानावी. पावती द्यावी, परत करावी, आणि केवळ मालक आजारी पडला म्हणून परवान्याला हात लावू नये. फिटचा किंवा भ्रमाचा आजार पुढं सिद्ध झाला तर परवान्याचा फेरविचार जरूर व्हावा. परवान्यासाठी शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र लागतंच. पण तो फेरविचार ठेवीच्या पावतीला चिकटवला की लोक पुन्हा डिकीकडे वळतील. दोन्ही कामं वेगळी ठेवायची, वेगळ्या टेबलावर.

पावतीवर काय असावं, हे मी त्या रात्री शिकलो. रिव्हॉल्वर काकांच्या घरी कपाटात ठेवताना त्यांच्या मुलानं, त्याला थोडंफार कळतं म्हणून, ते उघडून पाहिलं. सहा घरं, पाच काडतुसं. सहावं कुठं गेलं? लॉनवर पडलं? गाडीत? मामांनी उपसलं तेव्हा? रात्री अकरा वाजता आम्ही दोघं मोबाइलच्या उजेडात त्या लॉनच्या हिरवळीवर फिरत होतो आणि तिथला चौकीदार आमच्याकडे ज्या नजरेनं पाहत होता ती नजर बरोबरच होती. सकाळी काका नीट बोलत होते. त्यांना भीत भीत विचारलं. ते हसले. घोड्याखालचं घर ते कायम रिकामं ठेवतात, हातून पडलंच तर गोळी सुटू नये म्हणून. जुन्या लोकांची शिस्त. म्हणजे पाचच होती. पण ही गोष्ट सांगू शकणारा माणूस रात्रभर बोलण्याच्या स्थितीत नव्हता आणि तो उठलाच नसता, तर एका काडतुसाचा हिशेब कायमचा राहिला असता. बनावट, क्रमांक, काडतुसं किती, वेळ, देणारा, घेणारा. सहा ओळींचा कागद आहे.

हे काम डॉक्टरांवर टाकू नये, याबद्दल मी ठाम आहे. पिस्तुलाचं मॅगझीन काढलं की ते रिकामं झालं, असं पुष्कळांना वाटतं. चेंबरमध्ये एक गोळी तशीच असते आणि बहुतेक पिस्तुलं मॅगझीन नसतानाही ती झाडतात. रोज शस्त्र हाताळणारे पोलीस आणि जवानसुद्धा ते रिकामं करताना तोंड वाळूच्या पेटीकडे करतात, ते उगाच नाही. अभिनेते गोविंदा यांना २०२४ च्या ऑक्टोबरात स्वतःच्याच परवान्याचं रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना पायात गोळी लागली. मालकाच्या हातून असं होतं, तिथं रात्रपाळीच्या सिस्टरला ‘जरा अनलोड करून ठेवा’ म्हणणं हा अत्याचार आहे. तिनं करायचं ते एवढंच: होल्स्टरमधून काढायचं नाही, पट्टा कापून होल्स्टरसकट बाजूला घ्यायचं, तोंड भिंतीकडे, माणसांकडे नाही, आणि कुलपाच्या पेटीत ठेवून ११२ ला कळवायचं. उघडणं, मोजणं, पावती फाडणं हे पोलिसाचं काम. अमेरिकेत जिथं कमरेला पिस्तूल लावून फिरणारी माणसं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, तिथल्या अनेक रुग्णवाहिका सेवांनी अशाच सूचना लिहून काढल्यात. त्यांचं सगळं काही घेण्यासारखं नाही. शस्त्रांच्या बाबतीत तर नाहीच. पण पेटी घेता येईल.

आपल्याकडे ती ठेवायला जागाही तयार आहे. मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पोलीस चौकी आहे, महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान आहेत. मेयो या दुसऱ्या सरकारी रुग्णालयाची गोष्ट वेगळी नाही. १०८ च्या रुग्णवाहिकेत डॉक्टर आणि पायलट, म्हणजे चालक, अशी दोन माणसं असतात, २०१४ पासून राज्यभर ९३७ गाड्यांनी ही सेवा चालत आली. त्या गाडीत ऑक्सिजन, सक्शन, डिफिब्रिलेटर यांची यादी भिंतीवर असते. तीत एक छोटी लोखंडी पेटी आली तर गाडीचं वजन वाढणार नाही. खरी अडचण खासगी रुग्णालयांची. धंतोली-रामदासपेठेत एका गल्लीत चार-चार रुग्णालयं, दारावर एजन्सीचा गार्ड, त्याच्याकडे रजिस्टर आणि शिट्टी. त्यांना एवढंच बंधन घालावं की असं काही निघालं तर ‘घरी घेऊन जा’ म्हणायचं नाही, ठाण्याला कळवायचं. आणि शस्त्र आहे म्हणून उपचार थांबवायचे नाहीत, हे आधी लिहायचं. नाहीतर आपल्याकडे कुठल्याही नियमाचा पहिला उपयोग पेशंटला दारात अडवायला होतो.

‘असं घडतं कितीदा?’ हा प्रश्न मला दोन पोलीस मित्रांनी आणि एका डॉक्टर मैत्रिणीनं विचारला. तिघांनी विचारला आणि तिघांनी पाठोपाठ आपापला एकेक किस्सा सांगितला. एकाही किश्शाची कुठं नोंद नव्हती. माझ्याही दुपारची नाही. रुग्णालयाच्या कागदावर चष्मा आहे, अंगठी आहे.

यात पहिली जबाबदारी मालकाची, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शस्त्र बाळगणं हा आपल्या देशात हक्क नाही, ती परवानगी आहे. ज्याला मधुमेह आहे, हृदयविकार आहे, फिट येतात, त्यानं लग्नात, उन्हात, गर्दीत ते कमरेला लावून जावंच का? काकांना मी हे विचारलं. ते म्हणाले, घरात कुलूप लावून ठेवलं तर घरफोडीची भीती, म्हणून अंगावर. यात तथ्य आहे. नागपुरात मे महिन्यात घरं बंद करून लोक बाहेरगावी जातात आणि चोर तेवढ्यासाठीच टपलेले असतात. त्यावर उत्तर आहे ते पुन्हा ठेवीचंच: बाहेरगावी जाताना, ऑपरेशनला जाताना, अधिकृत विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करून जायचं. ठरवून होणाऱ्या ऑपरेशनला शस्त्र घेऊन जाणाऱ्याला तर मी मुळीच सोडणार नाही.

पण अचानक कोसळणाऱ्याचं काय, हे परवाना देतानाच विचारून घ्यायला हवं. शहरात परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. परवान्याच्या अटी बदलण्याचा अधिकार परवाना देणाऱ्याला कलम १७ नं दिलेला आहे. शस्त्राजवळच एक चिठ्ठी हवी, तीत परवान्याचा क्रमांक, ठाण्याचा फोन, आजार काय तो, आणि घरात ज्याला हे ठाऊक आहे त्याचं नाव. ही अट घालायला दिल्लीला जावं लागत नाही. दिल्लीला जावं लागेल ते कलम ३ मधल्या तीन कारणांना चौथं जोडायला: तातडीच्या उपचारासाठी परवानाधारकाला नेताना त्याचं शस्त्र जवळच्या ठाण्यापर्यंत किंवा रुग्णालयातल्या नेमलेल्या माणसापर्यंत पोचवणं. शस्त्रं हा केंद्राचा विषय, त्यामुळे ते संसदेचंच काम. २०१९ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती करून माणशी तीनऐवजी दोनच शस्त्रं केली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, लग्नात हवेत गोळ्या झाडणाऱ्याला शिक्षा आणली. लग्नात गोळी झाडणाऱ्याचा विचार झाला. लग्नात कोसळणाऱ्याचा राहून गेला.

वर्दीतल्या माणसाचा प्रश्न थोडा सोपा आहे. त्याचं शस्त्र सरकारचं, शस्त्रागाराच्या नोंदवहीत त्याच्या नावावर चढलेलं, आणि बहुधा सोबत सहकारी असतो. पण सोबत कुणी नसतं तेव्हा तोही आमच्या काकांसारखाच पडतो.

सुरुवात कुठून करायची म्हणाल, तर डिसेंबरातून. हिवाळी अधिवेशनाला अख्खं सरकार इथं येतं. त्याबरोबर अंगरक्षक, बाहेरच्या जिल्ह्यांतून बंदोबस्ताला आलेले पोलीस, आपापली रिव्हॉल्वरं बाळगणारे पुढारी आणि त्यांच्यामागचे कंत्राटदार. एवढ्या बंदुका आणि एवढी रक्तदाबाची माणसं एकाच वेळी नागपुरात दुसऱ्या कुठल्या आठवड्यात नसतात. विधानभवन, रविभवन, आमदार निवास इथं दरवर्षी तात्पुरते दवाखाने उघडतात, रुग्णवाहिका उभ्या राहतात, औषधांच्या आणि पलंगांच्या याद्या आधीच मंजूर होतात. यंदाच्या यादीत एक कुलपाची पेटी आणि एक पावतीपुस्तक लिहावं.